मसालेदार केळी-नाचणी धिरडी: बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांच्या न्याहारीला

अर्धी वाटी नाचणीचं पीठ, पाव वाटी गव्हाचं, पाव वाटी मूगडाळीचं. मूगडाळीतून फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व (गोळीत ते फॉलिक ॲसिड म्हणून असतं) मिळतं, म्हणून ती वगळू नका. दोन चमचे कोल्हापुरी गूळ पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गूळ गरम दुधात घातला तर दूध नासतं, म्हणून पाणीच. त्यात एक पूर्ण पिकलेलं केळं कुस्करा, पाव चमचा वेलचीपूड, दोन चिमूट दालचिनी, किंचित जायफळ आणि मीठ घाला. पिठं मिसळा, लागेल तसं पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सरसरीत करा, वीस मिनिटं झाका. शेवटी भोपळ्याच्या बियांचा चमचाभर जाडसर कूट; त्यातून जस्त मिळतं, तेही दोघांना हवंच.

तवा मध्यम तापवून तूप सोडा, तळहाताएवढंच धिरडं घाला, आच मंद करा. केळं-गुळामुळे मोठ्या आचेवर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे घाईने उलटलं की तुटतं. कडा सुटू द्या.

सोबत पेरूच्या फोडी घ्या, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा तासाभराने. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चालूच ठेवा, धिरडी तिची जागा घेत नाहीत.