घरातल्या भांडणाचं नाटक आहे, त्याची फिल्म करायचीय?

आमच्या ग्रुपचं एक दोन अंकी नाटक होतं, वाड्याच्या वाटणीवरचं. दोन भाऊ, वहिनी, आई आणि पुण्याहून आलेली बहीण, जी "मला काही नको" म्हणत म्हणत सगळ्यांना रडवते. स्पर्धेत केलं, नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात पण प्रयोग झाला, ठरलेल्या वाक्यांना ठरलेल्या टाळ्या यायच्या. मग कुणीतरी म्हणालं फिल्म करूया, आणि मी लिहायला बसलो. त्यात जे शिकलो ते सांगतो, बरंचसं चुकून शिकलोय.

आधी कागदाचं काम उरकून घ्या, कंटाळवाणं आहे पण नंतर गळ्याशी येतं. नाटकाच्या प्रयोगाची परवानगी आणि फिल्मचे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखक आपला मित्र असला तरी लेखी घ्या, आणि लेखक गेलेला असेल तर तो गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे उद्या परदेशात दाखवायची वेळ आली की परत त्यांच्या दारात. नाटक भाषांतरित असेल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार दोघांचं लागतं. आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट फिल्मला चालत नाही, थेटरात लावायची तर सेन्सॉर बोर्डाकडे वेगळं जायचं.

आता खरं काम. माझा पहिला ड्राफ्ट असा होता की मी सगळ्यांना वाड्याबाहेर काढलं, कारण सगळे सांगत होते की फिल्म म्हणजे मोकळी पाहिजे, लोकेशन्स पाहिजेत. मग काय, एक भांडण रामकुंडावर, एक गंगापूर डॅमच्या बॅकवॉटरला, एक द्राक्षाच्या बागेत. वाचून दाखवलं तर आमची आईचं काम करणारी बाई म्हणाली, "अरे, हे दोघं भांडायला एवढ्या लांब पेट्रोल जाळून का गेले?" बरोबर होतं तिचं. घरातलं भांडण तापतं तेच मुळी कुणाला उठून जाता येत नाही म्हणून. स्वयंपाक व्हायचा असतो, आईला गोळी द्यायची असते, एकच बाथरूम असतं. बाहेर काढलंत की वाफ गेली. म्हणून घर सोडू नका, घराच्या आत फिरा. स्टेजवर एकच दिवाणखाना असतो आणि सगळे त्यात येऊन बोलतात, खऱ्या वाड्यात ओटी आहे, चौक आहे, माजघर आहे, माडीचा जिना आहे. आणि वाड्यात अर्धी भांडणं समोरासमोर होतच नाहीत, ती जिन्यातून ऐकली जातात. त्यामुळे प्रत्येक सीनला पहिला प्रश्न हा विचारायचा की हे बोलताना कोण ऐकतंय, आणि कुणाला वाटतंय की कुणी ऐकत नाहीये. माझं तर सरळ मत आहे की नाटक बोलणाऱ्याचं असतं आणि फिल्म ऐकणाऱ्याची.

हे एकदा डोक्यात बसलं की संवाद कापणं सोपं जातं. पेन्सिल घेऊन बसा. काही वाक्यं फक्त माहिती देणारी असतात, "दादा, तू 2009 साली दुकान टाकलंस तेव्हा बाबांनी..." असली, ती प्रेक्षकासाठी असतात, घरातले लोक एकमेकांना हे कधीच सांगत नाहीत कारण सगळ्यांना ते माहितीय. ती पहिली उडवा. काही वाक्यं जे दिसतंय तेच सांगतात, ती पण गेली. उरतात ती टोचायला म्हणून बोललेली किंवा सरळ खोटी, आणि हीच ठेवायची. "मला काही नको" हे वाक्य आम्ही ठेवलं, कारण ते म्हणताना बहीण माडीवरच्या खिडक्या मोजतेय हे कॅमेऱ्यात दिसतं. स्टेजवर ते शेवटच्या रांगेला दिसलं नसतं.

एक उदाहरण सविस्तर देतो. नाटकात वहिनीचं दोन पानी स्वगत होतं, वीस वर्षं मी या घरासाठी झिजले, सासूबाईंचं सगळं मी केलं वगैरे. टाळ्या तिथेच यायच्या. फिल्मसाठी ते पूर्ण काढलं आणि एक गोळ्यांचा डबा आणला. रात्री आईला धाप लागते, धाकटा डबा उघडतो, त्याला कळत नाही कुठली द्यायची, तो दादाकडे बघतो, दादालाही माहिती नाही, आणि वहिनी पोळ्या लाटता लाटता मागे न बघता म्हणते, "पांढरी. अर्धी." बास. दोन पानं दोन शब्दांवर आली. वहिनीचं काम करणारी आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, पण तो भाग वेगळा.

तसंच पुराचं. नाटकात दुसऱ्या अंकात एक जण धावत येऊन सांगतो की पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं (गोदाकाठची ही मूर्ती, नाशकात पूर किती चढला ते हिच्यावरून सांगतात). फिल्म म्हटल्यावर हात शिवशिवतात, पूरच दाखवू, ड्रोन लावू. नका करू, तुमच्या बजेटमध्ये तो बातम्यांसारखा दिसेल. आम्ही त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली दाखवली, आणि आत सगळे वाटणीत इतके गुंतलेले की कुणी त्याला टॉवेल पण देत नाही.

पण सगळंच कापू नका हां, ही दुसऱ्या टोकाची चूक. एखादं मोठं भाषण आख्खं ठेवा, नाहीतर तुम्ही हे नाटक घेतलंच कशाला. आम्ही आईचं ठेवलं. ती माजघरात पाठमोरी बसून तांदूळ निवडत बोलते, आणि कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ ओटीवरच्या दोन मुलांवर आहे.

नटांचं सांगायचं तर स्टेजवाल्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज टाकायची सवय असते आणि "हळू बोला" सांगितलं की ते नुसते हळू बोलतात, त्यातला राग पण हळू होतो. मी एकच सूचना दिली, शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाता कामा नये असं भांडा. सगळ्यांना लगेच कळलं, आपल्यापैकी कोण असं भांडलेलं नाहीये. तालीम शक्यतो त्याच घरात करा, आणि हाताला काम द्या, निवडणं, घड्या घालणं, चार्जर शोधणं. फक्त जेवणाचा सीन असेल तर कुठल्या वाक्याला कोण घास घेतो हे कुणालातरी लिहून ठेवायला बसवा, नाहीतर एडिटला ताटातली भाजी कमी-जास्त होत राहते.

शूटला चार जण भांडत असले की कॅमेरा कोणत्या बाजूला राहणार ती रेघ आधी ठरवा, नाहीतर कोण कुणाकडे बघतोय हेच कळत नाही. सगळे दिसतात त्या वाइड शॉटमध्ये एकमेकांवर बोलू द्या, क्लोजअपमध्ये मात्र एकेकाचं वाक्य स्वच्छ घ्या, वाक्यावर वाक्य चढवायचं काम एडिटला होतं. आणि प्रत्येक सीन एकदा तरी फक्त ऐकणाऱ्यावर कॅमेरा ठेवून पूर्ण करून घ्या. वेळ जातो, युनिट कुरकुर करतं, पण एडिटला हेच फुटेज वाचवतं.

आवाज हा जुन्या नाशकात मोठाच वैताग. देवळातली घंटा, रिक्षा, भंगारवाल्याचा स्पीकर, चौकातली कबुतरं. लोकेशन बघायला जाल तेव्हा ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जाऊन अर्धा तास नुसते बसा. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना चालू करायचं विसरणार नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प करून तीसेक सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, कापलेल्या संवादांच्या जागी तीच भरायची असते.

पहिला कट, म्हणजे पहिल्यांदा एडिट करून जोडलेली फिल्म, तयार झाला की तो आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याने नाटक बघितलेलं नाही, आणि विचारा कोण कुणावर चिडलंय. फाळक्यांनी 1913 मध्ये बिनआवाजाची फिल्म चालवून दाखवली आणि मग नाशकातच येऊन पुढचं काम केलं, आपल्याला निदान एवढं जमायला पाहिजे. मी माझ्या मावशीला दाखवला. दोघा भावांचं तिने बरोबर ओळखलं, बहिणीचं पण. वहिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बिचारी काहीच बोलत नाही ना?" आणि त्या कटमध्ये सगळ्यात जास्त वाक्यं तिचीच होती. दुसऱ्या दिवशी एडिटरला फोन करून त्यातली अर्धी काढायला सांगितली.