पुस्तकवाल्यांनी 'गेम ऑफ शॅडोज' कसा बघायचा

शेरलॉक होम्सची पुस्तकं वाचून मोठे झालेले लोक हा पिक्चर वीस मिनिटांत बंद करतात आणि म्हणतात काय हे, आमचा होम्स असा मारामारी करत सुटत नाही. मीही त्यातलाच होतो. पण दुसऱ्यांदा बघितला तेव्हा जाम आवडला, आणि फरक फक्त बघायच्या पद्धतीचा होता, तर ती सांगतो. स्पॉयलर आहेत, पण गोष्ट 1893 ची आहे त्यामुळे तक्रार चालणार नाही 😄

पहिलं काम, पिक्चर लावायच्या आधी कॉनन डॉयलची 'द फायनल प्रॉब्लेम' वाचून काढा, अर्ध्या तासात होते. 2009 चा पहिला भाग बघितला असेल तर बरं, नसेल तरी अडत नाही, फक्त होम्सला चकवणारी आणि तरी त्याला आवडणारी बाई म्हणजे आयरीन अ‍ॅडलर, एवढं माहीत हवं. गोष्ट मात्र वाचाच, कारण 2011 च्या या भागाची खरी गंमत तिच्याशी ताडून बघण्यात आहे. उदाहरणार्थ गोष्टीत होम्स म्हाताऱ्या इटालियन पाद्र्याच्या वेषात ट्रेनमध्ये बसतो, त्याचा कट्टर शत्रू प्रोफेसर मोरियार्टी स्पेशल गाडी करून मागे लागतो, आणि होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन कँटरबरीला उतरून सामानाच्या ढिगाऱ्यामागे लपतात, गाडी धडधडत निघून जाते, बस. पिक्चरमध्ये तीच ट्रेन, पण होम्स बाईच्या वेषात, वॉटसनची नवी नवरी चालत्या गाडीतून थेट नदीत, आणि डब्याची गोळ्यांनी चाळण. वाचलेलं असेल तर हसायला येतं, नसेल तर नुसता गोंधळ वाटतो.

आता मुख्य मुद्दा, मारामारी. होम्स मारामारी करत नाही हे आपण कुठून आणलं देव जाणे. 1887 च्या पहिल्याच कादंबरीत वॉटसन लिहून ठेवतो की हा माणूस बॉक्सिंग, तलवार आणि काठी, तिन्हीत तरबेज आहे. 1903 च्या 'द एम्प्टी हाउस'मध्ये तर होम्स स्वतः सांगतो की रायशेनबाख धबधब्याच्या कड्यावर 'बारित्सू' या जपानी कुस्तीमुळे वाचलो. म्हणजे ट्रेनिंग डॉयलनेच दिलंय, डायरेक्टर गाय रिचीने फक्त व्हॉल्यूम वाढवला.

त्यामुळे फायटिंग सुरू झाली की मोबाईल हातात घेऊ नका, उलट तिथेच लक्ष द्या. हाणामारीच्या आधी होम्स मनातल्या मनात ती पूर्ण खेळून बघतो, कुठला फटका आधी, समोरचा कुठे झुकणार, मग कोपर कुठे. हे डिडक्शनच आहे, म्हणजे खुणांवरून निष्कर्ष काढणं, फक्त बुटावरच्या चिखलाऐवजी समोरच्याच्या बरगड्यांवर केलेलं. आणि ही युक्ती पूर्ण पिक्चरभर कशी बदलत जाते ते बघा: सुरुवातीला गल्लीत प्लॅन जमतो, मग भविष्य सांगणाऱ्या जिप्सी सिमझाच्या खोलीत प्लॅन चालू असतानाच ती मधेच सुरी फेकते आणि सगळं हिशोबाबाहेर जातं, आणि शेवटी रायशेनबाखच्या बाल्कनीत समोर मोरियार्टी, तोही तेच करणारा. दोघं नुसते उभे आणि लढाई डोक्यात! होम्सचा खांदा आधीच जखमी, गणित त्याच्या विरुद्ध जातंय हे दोघांनाही कळतं. मग तो काय करतो ते तुम्हीच बघा. गोष्टीत वॉटसनला ही झटापट दिसतच नाही, त्याला फक्त काठी, सिगारेट केस आणि चिठ्ठी सापडते, म्हणजे डॉयलने रिकामी सोडलेली जागा इथे भरलीये.

मोरियार्टीवर पण नजर ठेवा. ते काम करणारा जॅरेड हॅरिस आवाज चढवत नाही. सुरुवातीला आयरीनशी बोलताना तो टिंग करून एक आवाज करतो आणि भरलेलं रेस्टॉरंट गुपचूप उठून निघून जातं, अख्ख्या पिक्चरमधल्या तोफांपेक्षा मला तोच सीन जास्त भीतीदायक वाटतो. आणि त्याच्या ऑफिसमध्ये बागकामाचं पुस्तक आहे पण खिडकीतल्या झाडाची मात्र कोणी काळजी घेतलेली दिसत नाही, हे पहिल्यांदा मी चुकवलं कारण मेसेजला उत्तर देत होतो, मग शेवटी कोड कसा सुटला ते कळेना आणि परत मागे जावं लागलं. बसून नीट बघा.

जंगलातल्या पळापळीसाठी मोठा स्क्रीन आणि हेडफोन किंवा बरे स्पीकर घ्या. तोफगोळे झाडांना लागतात आणि साल, ढलप्या हवेत तरंगतात, मधेच सगळं अगदी सावकाश होतं आणि परत वेग घेतं. काहींना हे जास्तीचं वाटतं, मला नाही.

बाकी प्लॉट सगळा पहिल्या फेरीत समजला नाही तर डोकं खाऊ नका. होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट, त्याच्या श्वास घ्यायच्या छोट्या यंत्राकडे मात्र बघून ठेवा. आणि वॉटसनने टाइपरायटरवर शेवटचे शब्द टाइप केले की रिमोट उचलू नका, तो उठून बाहेर गेला तरी, कारण त्या कागदाकडे अजून एक जण येणार आहे.