लहान साइटसाठी सीएमएस निवडताय? आधी एक लांब मराठी शीर्षक टाकून बघा

सांगली मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान, तासगावचा बेदाणा व्यापारी, मिरजेचे सतारमेकर, कासच्या वाटेवरचं होमस्टे. आपल्या भागात नवख्याला वेबसाइटची पहिली कामं मिळतात ती अशीच. चार-पाच पानं, थोडे फोटो, व्हॉट्सॲपचं बटण. सीएमएस म्हणजे कोड न लिहिता साइटचा मजकूर बदलता येईल अशी प्रणाली. ती ठरवायच्या आधी गिऱ्हाइकाला एवढंच विचारा: साइट सुरू झाल्यावर मजकूर कोण बदलणार आणि किती वेळा?

सतारमेकर वर्षातून दोनदा फोटो बदलणार असतील तर सीएमएस नकोच. साधी एचटीएमएल पानं करा, फार तर अशी तयार पानं बनवून देणारं ह्यूगो वापरा. डेटाबेस नाही, प्लगइन म्हणजे वरून जोडलेल्या सोयी अपडेट करत बसणं नाही. होमस्टेवाल्याला सीझनला खोल्यांचे दर स्वतः बदलायचे असतात, अडत्याला रोजचे भाव टाकायचे असतात. तिथे वर्डप्रेस हा सीएमएस घ्या. विक्ससारख्या तयार सेवेवर काम पटकन उरकतं, पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. हे पैसे घेण्याआधी सांगा. दहा-बारा वस्तू विकायच्या म्हणून वूकॉमर्सची, म्हणजे वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान उभं करणाऱ्या प्लगइनची, घाई करू नका. पेमेंट गेटवे, जीएसटी, कुरियरचे दर, परत आलेला माल हे सगळं बघणारा माणूस दुकानात नसेल तर व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणंच बरं.

आता खरा खड्डा. डेमो इंग्रजीत बघून सीएमएस पसंत केला जातो, आणि मराठी मजकूर चढल्यावर लिंका बिघडतात. कारण नीट समजून घ्या. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं. लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि पुढे दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंकचा जो शेवटचा तुकडा बनवतं, ज्याला स्लग म्हणतात, त्याला मर्यादा २०० जागांची. भागाकार करा: जेमतेम २२ चिन्हं. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात.

‘सांगलीतील हळद बाजारभाव आजचे दर १२ मार्च’ हे शीर्षक घ्या. ‘सांगलीतील’ची ९ चिन्हं, ‘हळद’ची ३, ‘बाजारभाव’ची ८. शब्दांमधल्या तीन रेघा धरून १८३ जागा संपल्या. पुढे फक्त ‘आ’ बसतो. ‘जचे दर १२ मार्च’ कापलं जातं. दुसऱ्या दिवशी १३ मार्चचा भाव टाकला की स्लग तोच निघतो, म्हणून वर्डप्रेस त्याच्यामागे २ लावतं, मग ३, मग ४. महिनाभराने कुठली लिंक कुठल्या तारखेची हे दुकानातल्या कोणालाच सांगता येत नाही. हीच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि शेतकऱ्याला ती फसवणुकीची वाटते. अर्धा किलोच्या हळदीच्या पाकिटावर तिचा क्यूआर छापलात तर ठिपके इतके दाट येतात की लहान आकारात तो नीट स्कॅन होत नाही.

घाबरू नका, मराठी लिंक गूगलला वाचता येते. साइट त्यामुळे शोधातून उडत नाही. उपाय पहिली नोंद टाकण्याआधी करायचा एवढंच. पानांचे स्लग तुम्ही स्वतः रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचे लिहा. रोजच्या नोंदी दुकानातला माणूस टाकणार असेल तर तो स्लग लिहील या भरवशावर राहू नका. पर्मालिंक सेटिंगमध्ये, जिथे लिंकची रचना ठरते, नोंदीच्या क्रमांकाची रचना निवडा. क्रमांक कापला जात नाही. नंतर बदल करावाच लागला तर लक्षात ठेवा: पोस्टचा, म्हणजे नोंदीचा, स्लग बदलला की वर्डप्रेस जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर नेतं, पानाच्या बाबतीत तसा भरवसा धरू नका. तिथे जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर कायमचं पाठवणारं ३०१ रीडायरेक्ट हाताने लावा. ब्लॉगरवरही तीच परीक्षा घ्या: नुसतं मराठी शीर्षक दिलं की लिंकमध्ये ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि आकडा येतो. तिथली लिंक प्रकाशित करण्याआधीच ठरवा.

मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. तोच जुना फॉन्ट साइटवर चढवून मजकूर ‘मराठी दिसेल’ अशी सोय काही जण सुचवतात. ती करूच नका. पान मराठी दिसतं, पण आत निरर्थक रोमन अक्षरं असतात. शोधात काही सापडत नाही आणि कॉपी केलं तर कचरा निघतो. थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, अक्षरांतलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. मथळ्याच्या ओळीची उंची १.४च्या खाली गेली की मात्रा आणि रफार वरच्या ओळीला घासतात.

क्लासमध्ये पेज बिल्डर, म्हणजे तुकडे ओढून पान रचायचं प्लगइन, शिकवतात, त्याने पहिलं काम लवकर होतं हे खरं. पण शॉर्टकोडवर, म्हणजे चौकटी कंसातल्या खुणांवर, चालणारा बिल्डर बंद केला की पानभर चौकटी कंस उरतात. वर्डप्रेसचा मूळ ब्लॉक एडिटर, जो २०१८ सालापासून सोबतच येतो, एवढ्या कामाला पुरतो. नल्ड थीम, म्हणजे विकतच्या थीमची चोरटी प्रत, फुकट मिळते म्हणून घेऊ नका, तिच्यात घुसवलेला कोड असू शकतो आणि तो शोधताना जीव जातो. सल्ला घ्यायचाच तर ज्याने एखादी साइट दोन-तीन वर्षं सांभाळली आहे त्याचा घ्या.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानदार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला नसेल तर ते चिन्ह साइटवर लावू नका. डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्या. त्याला ‘संपादक’ हक्क द्या आणि ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात.

साइट सोपवण्याच्या आठ दिवस आधी दुकानात जा. मुनीमजींना त्यांच्याच फोनवरून, मराठी कीबोर्डने एक भाव टाकायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. न विचारता पाच मिनिटांत झालं नाही तर प्रशिक्षण देण्याआधी ती स्क्रीन सोपी करा: नको ते मेनू लपवा, नोंदीचा एक नमुना तयार ठेवा आणि पुन्हा टाकायला सांगा.