छऱ्याच्या बंदुकीतली स्प्रिंग बदलण्याआधी

छऱ्याची बंदूक ढिली मारायला लागली की माणूस पहिल्यांदा स्प्रिंगचंच नाव घेतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं काम हायड्रॉलिक सिलिंडरच्या दुरुस्तीचं. सील बसवतोय म्हटल्यावर खानापूर, नंदगडकडची पोरं बंदूक पोत्यात गुंडाळून आणतात आणि दारातूनच सांगतात, "काका, स्प्रिंग गेलीया, नवीन घाला की." बहुतेक वेळा स्प्रिंग ठणठणीत असते. झिजलेला असतो नळीच्या मागच्या तोंडाचा वॉशर, नाहीतर दस्त्याचा स्क्रू ढिला झालेला असतो. म्हणून स्वस्त आणि बाहेरचं आधी बघायचं, आतलं शेवटी.

हे सगळं नळी मोडून छर्रा घालायच्या .177, म्हणजे 4.5 मिमीच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीबद्दल आहे. बारूदवाल्या रायफलीला माझ्याकडे कुणी हात लावत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो, ती परवानाधारक दुकानातच न्यावी.

सुरुवात स्क्रूपासून. दस्त्याच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे एकेक आणि चापाच्या कड्यापाशी एखाद-दुसरा, असे तीन-चार स्क्रू सगळी बंदूक धरून ठेवतात. स्प्रिंगच्या दणक्याने ते हळूहळू सुटतात, आणि मग नेम आज डावीकडे, उद्या वर. आवळताना स्क्रूडायव्हरचं पातं खाचेच्या पूर्ण लांबीला आणि जाडीला बसलं पाहिजे. बारीक पात्याने खाच खाल्ली की पुढचा माणूस छिन्नी घेऊनच बसतो. डोक्याखाली दातेरी वॉशर टाका. लाकूड दबून भोक मोठं झालं असेल तर पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) करून घ्या. कुठलाही टर्नर चहा संपायच्या आत करून देईल.

स्क्रू हरवला असेल तर मात्र गंमत आहे. जुन्या बंदुकांत बऱ्याचदा टू-बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात. त्या स्क्रूची जाडी 4.7 मिमी आणि आट्यातलं अंतर 0.81 मिमी. बाजारात मिळतो 5 मिमीचा, त्याच्या आट्यातलं अंतर 0.8. अंतर जवळपास सारखं, म्हणून तो एक-दोन फेरे घेतो आणि "बसतोय की" असं वाटतं. मग तो अडकतो, आपण जोर लावतो आणि सिलिंडरवरचे, म्हणजे ज्या नळकांड्यात स्प्रिंग असते त्यावरचे, आटे सोलून निघतात. नवा स्क्रू नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर तो आपला नव्हे.

आता वॉशर. नळी मिटल्यावर ती सिलिंडरला जिथे टेकते, तिथे चामड्याची, प्लॅस्टिकची चकती नाहीतर रबरी ओ-रिंग, म्हणजे गोल कडी असते. ती दबून सपाट झाली की हवा छऱ्यामागे जायच्या ऐवजी फटीतून बाहेर पडते. तपासायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर आडवी ठेवा आणि सुरक्षित मातीच्या बांधाकडे छर्रा मारा. पट्टी उडाली, थरथरली तर वॉशर गेला. छर्रा घातल्याशिवाय चाप ओढू नका. समोर अडवणूक नसली की पिस्टन (स्प्रिंग ढकलते तो दट्ट्या) जोरात पुढे आपटतो आणि स्प्रिंगचंही वाटोळं होतं.

जुना वॉशर टोकदार सुईने उचकटताना खोबणीच्या कडेला ओरखडा पडू देऊ नका. बंदूक चढवलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून चापात अडकवलेली, नसावी. चढवलेल्या बंदुकीत चाप सुटला तर नळी झटक्यात मिटते आणि मधे बोट असेल तर ते जातं. माप जुन्या रिंगचं घेऊ नका, ती चेपलेली असते. व्हर्नियरने खोबणीची रुंदी आणि खोली मोजा. आमच्याकडे हायड्रॉलिकचा धंदा असल्यामुळे नाइट्राइलची ओ-रिंग हव्या त्या मापात मिळते, हे बेळगावचं सुख.

बसवल्यावर ती खोबणीच्या वर साधारण 0.2 मिमी दिसावी, म्हणजे झेरॉक्सच्या दोन कागदांच्या जाडीइतकी. कमी असेल तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गोल कापून खाली घालायचा. जास्त वर आली तर आणखी वाईट. नळी पूर्ण मिटत नाही, कुलूप अर्धवट धरतं आणि प्रत्येक गोळीला नळी वेगळ्या जागी बसते. मग लोक दुर्बीण बदलतात! कागदाची पट्टी मधे ठेवून नळी मिटवा आणि ओढा. चारी बाजूंनी सारखीच घट्ट पकडली पाहिजे.

हे करूनही जोर नसेल तरच पिस्टनचा वॉशर बघायचा. जुन्या बंदुकीत तो चामड्याचा, वाटीसारखा असतो, अगदी स्टोव्हच्या पंपातल्यासारखा. पण इथे घरी खोलायचं नाही. बंदूक चढवलेली नसली तरी आतली स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते, मागची पिन काढली की ठोकळा छातीवर येतो. मी बंद ठेवलेल्या लेथवर टेलस्टॉकने (लेथच्या सरकत्या टोकाने) दाबून धरतो आणि मगच पिन काढतो. वाटी बनवायला निपाणी, अथणीकडच्या चपलावाल्यांचं झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं उत्तम. क्रोमने कमावलेलं मऊ कातडं वाटीचा आकार धरत नाही. कोमट पाण्यात भिजवून साच्यात दाबायचं, रात्रभर वाळवायचं आणि कडा धारदार पात्याने तासायच्या.

तेल सिलिकॉनचं, दोन थेंब. शिलाई मशीनचं तेल आत गेलं की दाबाने पेटतं, फटाक्यासारखा आवाज येतो, धूर निघतो आणि नवा वॉशर करपतो. खोबरेल घालणारेही भेटतात. डिसेंबरात सकाळी ते थिजतं आणि बंदूक दुपारपर्यंत सुस्त.

चापाचे दात कानशीने घासून "हलका" करून द्या म्हणणाऱ्याला मी बाहेरूनच नमस्कार करतो. तिथे दोन केस कमी झाले तरी बंदूक नुसत्या धक्क्याने सुटते.

नवा वॉशर बसायला दहा-पंधरा छरे जातात, त्याआधी नेम लावू नका. मग 10 मीटरवर, एकाच डब्यातले छरे घेऊन पाच-पाच मारा. भोकांचा जमाव घट्ट पण बाजूला पडत असेल तर साइट फिरवा. विखुरलाच असेल तर दस्त्याचे स्क्रू पुन्हा एकदा बघा.