बार्टलेट पेअर पिवळं व्हायची वाट बघताय? या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की बॉस्टनकडच्या आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच फोटो येतो. मधोमध कापलेलं बार्टलेट (पेअरची, म्हणजे नाशपातीची एक जात), वरून मस्त पिवळं, आत बियांपाशी तपकिरी चिखल, आणि खाली "कीड लागली का हो?" कीड नाही हो, तुम्ही ते झाडावर पिकवलंत.

मी पण केलंय हे. पाचव्या वर्षी कुठे एकोणीस फळं धरली आणि मी "झाडावर पिकलेलं गोड" म्हणत पिवळी व्हायची वाट बघत बसले. रत्नागिरीहून सासूबाई आल्या होत्या, त्यांच्यासमोर कौतुकाने पहिलं कापलं तर आत चिखल. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मग आपण हापूसची अढी कशाला घालतो?"

हे फळ आतून बाहेर पिकतं, साल पिवळी होईस्तोवर गाभा गेलेला असतो. हिरवं असतानाच काढायचं. तळहातावर धरून आडवं उचला, देठ कट्कन सुटला तर तयार, ओढावं लागलं तर थांबा. मी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवते, मग ओट्यावर कागदी पिशवीत, घाई असेल तर सोबत एक केळं. पोटाला दाबू नका, डाग पडतो. देठाजवळची मान हलकेच दाबायची, जरा दबली की त्याच दिवशी खायचं. पातळ साल, लोण्यासारखा गर, रस कोपरापर्यंत!

दुसरी चूक म्हणजे परागीकरणासाठी शेजारी 'विल्यम्स' लावणं. परागीकरणाला दुसरी जात लागते, आणि अहो तेच झाड आहे ते! इंग्लंडात अठराव्या शतकात सापडलेलं हे पेअर तिथे विल्यम्स झालं. इकडे बॉस्टनजवळ रॉक्सबरीत १८१७ मध्ये इनॉक बार्टलेटने जागा घेतली, तिथल्या झाडांचं मूळ नाव त्याला माहीत नव्हतं म्हणून स्वतःचंच देऊन मोकळा झाला, आणि १८२८ मध्ये युरोपातून नवी रोपं आली तेव्हा कळलं की दोन्ही एकच. सेकेल ही पेअरची दुसरी जातही नको, तिचं बार्टलेटशी जमत नाही. बॉस्क जातीचं पेअर लावा.

बी पेरून बार्टलेट येत नाही, कलमच आणा. आणि लावल्या वर्षी फळ हवं असेल तर स्ट्रॉबेरी लावा बुवा.

फांदीचं टोक भाजल्यासारखं काळं होऊन वाकलं की समजा फायर ब्लाइट रोग. फूटभर खालून कापायचं, दर कापाला कात्री स्पिरिटने पुसायची, आणि झाड लवकर वाढावं म्हणून नायट्रोजन ओतत असाल तर आधी ते बंद करा, कोवळ्या फुटव्यावरच तो रोग टपून असतो.