सायकल खोलण्याआधी चिकटपट्टी लावा

ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) परगावी जाताना सायकल खोक्यात भरावी लागते. तिकडे जोडताना सीट पाच-सात मिलिमीटर खाली-वर झाली, तरी पुढे धावताना गुडघे बोलायला लागतात. उपाय अगदी साधा:

१. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेममध्ये जिथे शिरतो, नेमक्या त्या रेषेवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या. हँडलबार आणि स्टेम (हँडलबार सायकलला जोडणारा तुकडा) जुळतात तिथेही बारीकशी खूण. नंतर मोबाइलवर बाजूने फोटो.

२. पेडल काढताना पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पण हा नियम दोन्हीकडे चालतो. (मी एकदा डावं पेडल सैल करायच्या नादात अर्धा तास आवळत बसलो होतो.)

३. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

शूज, गॉगल, ट्रायसूट (शर्यतीचा अंगाबरोबरचा पोशाख) मात्र हातातल्या बॅगेत.

विमानाने जात असाल तर टायरमध्ये हवा भरायची सीओटू काडतुसं (कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळ्या) आधी विमान कंपनीला विचारल्याशिवाय सामानात टाकू नका. तिकडे पोचल्यावर घेतलेली बरी.