नवा अल्बम काढताय? बडोद्याच्या बँडांनो, या चुका टाळा

रेकॉर्डिंगला वर्षभर आणि प्रचाराला आठवडाभर, अशी वाटणी बहुतेक बँड करतात. अल्बम चांगला असूनही ऐकला जात नाही, त्याचं कारण बहुधा इथेच सापडतं. बडोद्यात तर श्रोता अल्बम येण्याआधीच गोळा करावा लागतो, एकेक करून. नंतर कितीही पळापळ केली तरी तो हाती लागत नाही.

सगळ्यात महाग पडते ती तारखेची चूक. नवरात्राच्या आसपास अल्बम काढायचा विचारही करू नका. शहरातले ड्रमर, ऑक्टोपॅडवाले, कीबोर्डवाले, साउंडवाले सगळे गरब्याला बुक असतात, आणि तालमींमुळे आधीचे काही आठवडेही गेलेलेच असतात. तुमचा श्रोताही मैदानावरच असतो. दिवाळीत एम. एस. युनिव्हर्सिटीची बाहेरगावची मुलं घरी जातात, १४-१५ जानेवारीला अख्खं शहर पतंग घेऊन गच्चीवर, मग परीक्षा. राहता राहिले जुलै आणि डिसेंबर. माझं मत जुलैला. कॉलेजं नुकती उघडलेली असतात आणि गाणी मराठी असतील तर लगेच पुढे गणेशोत्सव येतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मंडळांकडे दोन अनप्लग्ड (विजेच्या वाद्यांशिवायच्या) गाण्यांपुरता वेळ मागा. विचारायला कोणी जातच नाही, म्हणून मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे पुण्या-मुंबईच्या बँडचा प्लॅन जसाच्या तसा उचलणं. तिथे पब बँड लावतात, लोक सवयीने येतात आणि चार पैसे सुटतात. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तो रस्ताच नाही. इथे गिग (बँडचा कार्यक्रम) म्हणजे कॅफे, कॉलेजचा फेस्ट किंवा स्वतः भाड्याने घेतलेला हॉल. मला यात तोटा दिसत नाही, कारण इथे आलेला माणूस गाणं ऐकायलाच आलेला असतो. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा सोपवली, पुढे फैयाज खाँ इथल्या दरबारात गायले. बसून ऐकण्याची सवय या गावाला जुनी आहे. त्या शाळेचीच आज परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे. तिथल्या तबल्याच्या किंवा व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला एका गाण्यात मनापासून घ्या, नावासकट श्रेय द्या. त्याचा सगळा वर्ग ते गाणं ऐकेल.

हॉल मात्र छोटाच घ्या. शंभर खुर्च्यांत सत्तर माणसं आली तर खोली भरते; पाचशेंच्या हॉलमध्ये तीच सत्तर माणसं बघून गायकाचा आवाज बसतो. आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. गरब्याला सरकार १२ पर्यंत सूट देतं, ती तुमच्यासाठी नाही. सातला सुरू करा.

आता ऑनलाइनचं. रिलीजच्या आदल्या दिवशी फाइल चढवणारे बँड अजून आहेत. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते रिलीज व्हायच्या आधीच पाठवावं लागतं, एका वेळी एकच, आणि किमान ७ दिवस आधी पाठवलं तर फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत) जातं. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीकडे, अडकायला वेळ लागत नाही, म्हणून चार-पाच आठवडे हाताशी ठेवा. त्या फॉर्मवर ५०० अक्षरं मिळतात. ‘आम्ही बडोद्याचा जोशिला रॉक बँड आहोत’ यात संपादकाला काहीच कळत नाही. ‘२०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं त्या रात्रीचं गाणं, दुसऱ्या कडव्यानंतर गिटार थांबते आणि फक्त तबला उरतो’ असं लिहिलंत तर तो प्ले दाबेल.

दहाच्या दहा गाणी एकाच दिवशी सोडू नका. आधी दोन-तीन सिंगल (सुटी गाणी) काढा, दर महिन्याला एक. अल्बममध्ये तीच गाणी टाकताना तीच ऑडिओ फाइल आणि तोच आयएसआरसी नंबर (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळखक्रमांक) ठेवा, म्हणजे जमलेले प्ले सोबत येतात. नंबर नवा पडला तर मोजणी शून्यापासून.

पैसे देऊन प्ले विकत घेऊ नका, कितीही खात्रीचा माणूस असला तरी. बनावट प्ले पकडले गेले की गाणं उतरवलं जाऊ शकतं, आणि कुणी तक्रार ऐकून घेत नाही. १२ महिन्यांत १,००० प्ले झाल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही, हे खरं. पण तो आकडा खऱ्या माणसांनी गाठता येतो.

काही बिघाड नेहमीचे. गाणं त्याच नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर गेलं, तर डिस्ट्रिब्युटरला तुमच्या पानाची लिंक देऊन दुरुस्ती मागा. आणि बँडचं रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. स्वतःच्याच व्हिडिओवर यूट्यूबचा कॉपीराइट दावा आला, तर बहुधा गाण्यात तयार लूप (विकत किंवा फुकट मिळणारा, पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) वापरलेला असतो. असं गाणं कंटेंट आयडीत (गाणी ओळखून दावा लावणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत) घालायचं नसतं. गाणं इतरांच्या मानाने दबकं वाटत असेल तर आवाज वाढवू नका. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, त्यामुळे कचकचीत मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) उलट चपटा ऐकू येतो. मिक्सकडे, म्हणजे वाद्यं आणि आवाज यांच्या मेळाकडे, परत जा.

लाँचच्या रात्री सगळ्यात जास्त काय बिघडतं? शब्द. नवी गाणी कुणाला पाठ नसतात, गिटारखाली गायक बुडाला की हॉलमध्ये फक्त गोंगाट उरतो. साउंडचेकला एकाला शेवटच्या रांगेत बसवा, हातात गाण्याचा कागद न देता. त्याला धृपद कळलं नाही तर गिटारचे अँप कमी करा, गिटारवाला रुसला तरी चालेल.

दारावर एक वही ठेवा, येणाऱ्याला विचारून नाव आणि व्हॉट्सॲप नंबर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एकच मेसेज जाऊ द्या: काल ज्या गाण्याला टाळ्या पडल्या त्याची लिंक आणि पुढच्या गिगची तारीख.